गाडीत काहीही दोष नाही

गाडी भर रस्त्यात बंद पडली तर दोष गाडीचा असतो. चालवणारी बाई असली, आणि त्यातून तिनं सत्तरी ओलांडलेली असली, तर दोष बाईचा. हा कायदा कुणी केला ते टेलिफोनबाईंना माहीत नव्हतं. पण तो आपल्याच घरात, आपल्याच जेवणाच्या टेबलावर, पोटच्या पोराच्या तोंडून ऐकावा लागेल असं काही त्यांना वाटलं नव्हतं. त्यांच्या अंगाचा तिळपापड झाला.

"आई, आधी शांत हो," चिरंजीव म्हणाले. ते एका मोठ्या शाळेचे मुख्याध्यापक होते, आणि घरी आले तरी त्यांची शाळा काही सुटत नसे. "सर्व्हिस सेंटरमध्ये गाडी पूर्ण तपासली. मशीन लावून तपासली. त्यांनी स्पष्ट सांगितलं, गाडीत काहीही दोष नाही."

"मग पुलावर ती काय माझी गंमत करायला थांबली होती?"

"तुझा हात चुकून बटणावर पडला असेल. होतं असं. या हायब्रिड गाड्यांचा आवाज येत नाही, चालू आहे की बंद तेच कळत नाही माणसाला. आणि या वयात..."

"वयाचं नाव काढू नकोस."

"बरं, नाही काढत." असं म्हणून चिरंजीवांनी भिंतीवरच्या खिळ्याला अडकवलेली गाडीची किल्ली काढली आणि सरळ खिशात घातली. "काही दिवस ही माझ्याकडे राहू दे. मावशीकडे मी नेईन ना तुला. वेळ मिळाला की."

सूनबाई ताटं उचलत होती. तिनं नवऱ्याकडे पाहिलं, सासूकडे पाहिलं, आणि ताटं घेऊन आत गेली.

त्या किल्लीला एक पितळी पिन लावलेली होती, बोटाएवढी, धरून धरून गुळगुळीत झालेली. टेलिफोन एक्स्चेंजच्या बोर्डावर हाताने जोडण्या करायचे दिवस होते, तेव्हाची. बोर्ड गेला, यंत्रं आली, बाईंनी तीही शिकून घेतली. सगळी उमर त्या इमारतीत काढली, म्हणून तर गल्लीभर त्यांचं नाव टेलिफोनबाई पडलं. निवृत्त झाल्या तेव्हा पिन घेऊन घरी आल्या आणि स्वतःच्या पैशांनी गाडी घेतली. ती किल्ली मुलाच्या खिशात गेली, तेव्हा कुणी आपला हातच काढून नेला असं त्यांना वाटलं.

मावशी म्हणजे बाईंची थोरली बहीण. ती गावाबाहेर टेकडीवरच्या शुश्रूषागृहात होती. तिला आता जवळजवळ दिसत नव्हतं. बाई दर आठवड्याला वर जायच्या, तिला वर्तमानपत्र वाचून दाखवायच्या आणि त्यातल्या प्रत्येक बातमीवरून दोघी कडाकडा भांडायच्या. टेकडीवर बस जात नाही. चिरंजीवांना वेळ मिळाला नाही, पुढच्या आठवड्यातही मिळाला नाही, आणि फोनवर थोरली एवढंच म्हणाली, "भांडायला कुणी नाही गं इथं. सगळे हो हो म्हणतात." फोन ठेवल्यावर बाईंनी शिवणाचा डबा उघडला.

गाडी घेताना दोन किल्ल्या मिळतात. दुसरी बाईंनी बटणांच्या आणि रिळांच्या खाली टाकून ठेवली होती, आणि चिरंजीवांनी आयुष्यात कधी शिवणाचा डबा उघडलेला नव्हता.

सकाळी चिरंजीव शाळेत गेल्यावर त्यांनी गाडी बाहेर काढली. भीती वाटत होती, ती त्या नाकारत नव्हत्या. पण गाडी पुलावर बंद पडली होती ती बराच वेळ चालल्यावर, भर दुपारी. सकाळच्या गार हवेत ती दगा देणार नाही असा त्यांचा हिशोब होता. हिशोब बरोबर निघाला. टायरच्या दुकानांमागच्या गल्लीत, शॉक मिस्त्रीच्या गॅरेजपुढे त्यांनी गाडी अशी उभी केली की पुढचं चाक पांढऱ्या पट्टीला जेमतेम चाटलं.

मिस्त्रीला तरुणपणी हायब्रिड गाडीच्या मोठ्या बॅटरीचा सणसणीत झटका बसला होता. वाचला, आणि तेव्हापासून तो असा जपून काम करी की गिऱ्हाइकं कंटाळून जात. कोपरापर्यंतचे जाड रबरी हातमोजे काढत तो बाहेर आला.

"आजी, गाडी कुणी चालवत आणली?"

"मी. आणि आजी तुमच्या घरी असेल. मला बाई म्हणा."

"बरं, बाई. काय होतंय?"

"चालता चालता मरते. थोडा वेळ गेला की जिवंत होते, आणि मग सगळे मला वेड्यात काढतात."

मिस्त्रीने स्टिअरिंगखाली आपलं तपासणीचं यंत्र लावलं. पडद्यावर ओळी सरकल्या आणि थांबल्या. "दोषाची एकही नोंद नाही," तो म्हणाला.

"म्हणजे तुम्हीही तेच म्हणणार."

"मी अजून काही म्हटलेलंच नाही. तुमच्या गाडीतलं घड्याळ चुकीचं का आहे?"

घड्याळ खरंच भलतीच वेळ दाखवत होतं. बाईंना आठवलं. पुलावर गाडी बंद पडल्यावर त्यांनी चिरंजीवांना फोन केला होता. ते आले, मागे गाड्यांची रांग लागलेली, सगळे हॉर्न बडवताहेत. कुणीतरी वाटसरू म्हणाला, बॅटरीची वायर काढून परत लावा. चिरंजीवांनी लावली, गाडी चालू झाली, आणि त्या क्षणापासून ते स्वतःला अर्धे इंजिनिअर समजू लागले.

मिस्त्रीने कपाळाला हात लावला. "या गाडीची वायर काढली की घड्याळ पुसलं जातं, आणि दोषांच्या नोंदीही पुसल्या जातात. सर्व्हिस सेंटरला कोरी पाटी मिळाली. ते म्हणाले दोष नाही, म्हणजे त्यांना दिसला नाही एवढंच."

"माझ्याच पोराने पुसली," बाई म्हणाल्या, "आणि वर मलाच शिकवतोय."

"बंद पडताना नेमकं काय झालं? अगदी पहिल्यापासून सांगा."

हा प्रश्न आतापर्यंत एकाही माणसाने विचारला नव्हता. बाई बॉनेटला हात टेकून उभ्या राहिल्या. "आधी पंखा ओरडला. समोरचा, इंजिन गार करणारा. एकदम, गळा काढून. मग इंजिन गेलं, मग सगळे दिवे लागले. आधी पंखा. मी चिरंजीवांना सांगितलं, सर्व्हिस सेंटरच्या पोरालाही सांगितलं. पोरगं म्हणालं, बाई, पंखा ओरडतच असतो."

मिस्त्रीने मान वर केली. "आधी पंखा? नक्की?"

"आयुष्यभर मी आवाज ऐकूनच पोट भरलंय, मिस्त्री."

"मग ऐका. या गाडीत पंख्याला हुकूम इंजिनच्या कॉम्प्युटरकडून जातो. हुकूम यायचे थांबले की पंखा समजतो काहीतरी मोठं बिघडलंय, आणि इंजिन जळू नये म्हणून जीव तोडून फिरतो. पंखा आधी ओरडला, म्हणजे हे कॉम्प्युटरसाहेब आधी बेशुद्ध पडले. बाकीचे दिवे मागून लागले." तो बॉनेटखाली वाकला. इंजिनच्या कुशीत एक पुस्तकाएवढा ॲल्युमिनियमचा डबा बसवलेला होता, त्यात वायरींचे दोन जाड जुडगे घुसलेले. "हा तो कॉम्प्युटर. पण एकदम यालाच फाशी देता येणार नाही. वायर तुटकी असेल, वीज पोचत नसेल, तरी हा असाच गप्प होईल. नवा बसवला आणि दोष वायरीत निघाला, तर तुमचे चिरंजीव मला शाळेत बाकावर उभं करतील."

त्याने मीटर घेतलं आणि एकेक वायर तपासली. डब्यापर्यंत वीज येत होती. वीज परत नेणाऱ्या वायरी घट्ट होत्या. इंजिन चालू ठेवून त्याने जुडगे हलवून पाहिले, ओढून पाहिले, बोटाने टिचक्या मारल्या. गाडी शहाण्या मुलासारखी चालत राहिली. इथंच घोडं पेंड खात होतं. दोष समोर आल्याशिवाय मिस्त्री हात घालणार नव्हता, आणि दोष काही समोर यायला तयार नव्हता.

"ठेवून जा गाडी," तो म्हणाला. "कधीतरी बंद पडेल, तेव्हा पकडू."

"कधीतरी नाही. आज." बाईंनी स्टूल ओढून त्यावर बैठक मारली. "आमच्या एक्स्चेंजमध्ये काही लाइनी दुपारीच मरायच्या. सकाळी बघावं तर ठणठणीत. आतला वायर जोडणारा एखादा टाका तडकलेला असायचा; गार असताना चिकटून राही, तापला की सुटे. दुपारची वाट कोण बघत बसणार? आम्ही केस वाळवायचा ड्रायर आणून एकेका पट्टीवर धरायचो. जी मरेल ती चोर."

मिस्त्रीने मान डोलावली. "डोकं बरोबर चाललंय. पण माझ्याकडे गरम हवेची मोठी गन आहे. ती सगळं वितळवून टाकेल."

बाईंनी घरी फोन लावला. "सूनबाई, तुझा ड्रायर घेऊन टायरच्या गल्लीत ये. का ते विचारू नकोस."

सूनबाईने विचारलं नाही. आली ती धापा टाकत, ड्रायर पिशवीत, आणि सासू गॅरेजमध्ये स्टुलावर बसलेली पाहून तिनं आधी गाडीकडे पाहिलं आणि मग म्हणाली, "आई, किल्ली कुठली?"

"शिवणाच्या डब्यातली."

सूनबाईने ओठ दाबले, पण हसू दोन्ही बाजूंनी बाहेर आलंच.

ड्रायर लावला. मिस्त्री तो डब्यावर धरून उभा राहिला, इंजिन गुरगुरत होतं. बराच वेळ काहीच झालं नाही. बाईंच्या मनात नको ते येऊ लागलं: खरंच आपला हात तर नव्हता पडला बटणावर? आपल्याला आठवतंय ते झालेलंच नसेल तर? हा किडा कुणी सोडला ते त्यांना ठाऊक होतं, आणि त्याबद्दल मुलाला त्या माफ करणार नव्हत्या, निदान आज तरी.

आणि पंखा ओरडला.

गळा काढून ओरडला. इंजिनने एक गचका खाल्ला आणि ते गेलं, समोरचे सगळे दिवे एकदम पेटले. बाई स्टुलावरून उठल्या आणि त्यांनी चक्क टाळी वाजवली. "ऐकलं? आधी पंखा! ऐकलं ना?"

मिस्त्रीने यंत्र पाहिलं. गाडीतले बाकीचे कॉम्प्युटर एकजात तक्रार करत होते की मोठे साहेब बोलत नाहीत. वीज पोचत होती, वायरी शाबूत होत्या, तरी साहेब मुके. ड्रायर बंद केला, डबा गार होऊ दिला, साहेब पुन्हा बोलू लागले. मिस्त्रीने पुन्हा तापवला, पुन्हा मेला. "आता फाशी द्यायला हरकत नाही," तो म्हणाला. "कॉम्प्युटर बदलायचा."

सूनबाईचे डोळे भरून आले होते. "आई, मी फोनवर व्हिडिओ काढते. यांना दाखवू. मग ते तुम्हाला किल्ली देतील."

"देतील?" टेलिफोनबाई वळल्या. "माझी गाडी, माझी किल्ली, आणि ती मला ते देतील? पुरावा गोळा करायचा, समोर मांडायचा, आणि हात पुढे करून उभं राहायचं? नाही, बाळा. मला परवानगी मागायचीच नाही."

सूनबाईने फोन पर्समध्ये ठेवून दिला. संध्याकाळी चिरंजीवांनी रिकामी जागा पाहिली आणि विचारलं, "गाडी कुठाय?"

"दवाखान्यात."

"दोष नसलेली गाडी दवाखान्यात?"

"दोष नसलेली माणसं घरात बसवून ठेवतात, तर गाडीला दवाखान्यात जायला काय झालं?"

चिरंजीवांना वाटलं, कुणीतरी ओढून नेली असेल. किल्ली खिशात आहे ना, मग काय काळजी? उलट ते खुशीत आले. "बरं झालं. येऊ दे नीट होऊन. आमच्या शाळेतले खेळाचे सर घ्यायला तयार आहेत. मी सांगून टाकलंय त्यांना."

बाईंच्या हातातला चमचा थांबला. आत काहीतरी गार आणि टणक झालं होतं आणि त्यांना ते चक्क आवडलं.

नवा कॉम्प्युटर आला त्या सुट्टीच्या सकाळी बाई गॅरेजात हजर होत्या. मिस्त्रीने आधी मागच्या सीटजवळचा मोठ्या बॅटरीचा केशरी प्लग उपसला आणि स्वतःच्या खिशात घातला.

"खिशात का?" बाईंनी विचारलं.

"मी आत हात घातलेला असताना दुसऱ्या कुणी हौसेने परत लावू नये म्हणून. ज्याचे हात आत, त्याच्याच खिशात प्लग. आमचा नियम."

"चांगला नियम आहे," बाई म्हणाल्या. "आमच्या घरी उलटा आहे."

मग लहान बॅटरीची वायर सुटली, डब्याचे बोल्ट सुटले, जुडग्यांच्या कड्या उलटल्या. जुना डबा बाहेर आला. तोच आकार, तीच जागा, पण नवा जोडून, वायर आणि केशरी प्लग परत लावून बटण दाबलं तर गाडी ढिम्म. बाई पुढे सरसावल्या.

"घाबरू नका. हा अजून परका आहे," मिस्त्री म्हणाला. "याला गाडीचा नंबर शिकवायचा, आणि किल्ली शिकवायची. या गाडीत किल्लीची ओळख याच डब्यात राहते. किल्ली खाचेत घातली की हा ओळखतो, तेव्हाच इंजिनला सोडतो." त्याने यंत्र जोडलं. "सगळ्या किल्ल्या काढा. आज ज्या शिकवू तेवढ्याच चालतील. जी इथं नसेल तिला गाडी ओळख देणार नाही."

बाईंच्या हातात शिवणाच्या डब्यातली किल्ली होती. एका टोकाला अजून निळा दोरा अडकलेला.

"दुसरी?" मिस्त्रीने विचारलं.

खोटं बोलायचं त्यांच्या जिभेवर आलं, आणि त्यांनी ते गिळलं. खोटं कशाला बोलायचं? "दुसरी आहे. माझ्या मुलाच्या खिशात आहे. आणि ती मला शिकवायची नाही."

मिस्त्रीने त्यांच्याकडे पाहिलं. घरगुती भानगडीत पडायचं त्याच्या जिवावर आलं असावं. पण मघाशी केशरी प्लग ठेवलेल्या खिशावरून त्याने एकदा हात फिरवला आणि म्हणाला, "गाडी कुणाच्या नावावर?"

"माझ्या."

"मग घाला किल्ली."

दिवा लुकलुकला, थांबला. गाडी चालू झाली. इंजिन उठलं, तापलं, मिस्त्रीने हट्टाने पुन्हा ड्रायर धरून पाहिला. पंखा शहाण्यासारखा अधूनमधून फिरला आणि गप्प बसला. बाईंनी गाडी बंद केली आणि किल्ली पर्समध्ये टाकली.

नेमके तेव्हाच चिरंजीव गॅरेजात आले. मागे सूनबाई होती, चेहरा कोरा ठेवायची शिकस्त करत. "झाली का गाडी?" त्यांनी मिस्त्रीला विचारलं. "छान. मी घेऊनच जातो, खेळाचे सर वाट बघताहेत." आईकडे वळून ते हळू आवाजात म्हणाले, "तुझ्याच भल्यासाठी करतोय गं."

"बस की," टेलिफोनबाई म्हणाल्या. "चालव."

चिरंजीव बसले. सीट मागे घेतली, आरसा स्वतःसाठी वळवला, पितळी पिन लटकत असलेली किल्ली ऐटीत खाचेत सारली आणि बटण दाबलं. गाडीने हूं की चूं केलं नाही. किल्लीच्या आकाराचा एक लाल दिवा तेवढा उघडमीट करू लागला. त्यांनी पुन्हा दाबलं. किल्ली काढली, पुसली, घातली, दाबलं. मग घामाघूम तोंड बाहेर काढलं. "मिस्त्री! बिघाड तसाच आहे!"

मिस्त्रीला अचानक एक पाना फार निरखून बघावासा वाटला.

"गाडीत काहीही दोष नाही," टेलिफोनबाई म्हणाल्या. "तुझा हात चुकीच्या बटणावर पडला असेल. होतं असं, या वयात."

सूनबाई पाठ फिरवून टायरांकडे पाहू लागली. तिचे खांदे हलत होते.

"आई, ही चेष्टा आहे का?"

"नाही. दोष होता, कॉम्प्युटरमध्ये. तो मरताना पंखा ओरडायचा, मी तुला सांगितलं होतं, तू ऐकलं नाहीस. त्याची नोंद होती, ती तू वायर काढून पुसलीस. आता नवा बसवलाय. तो माझी किल्ली ओळखतो. तुझी ओळखत नाही."

"म्हणजे तू मुद्दाम..."

"हो. मुद्दाम." त्या गाडीच्या दाराशी आल्या. "माझं चुकलं असतं तर मीच किल्ली तुझ्या हातात दिली असती. तू मला माझ्याच कानांवर अविश्वास ठेवायला लावलास. ते मला फार लागलं."

चिरंजीवांनी खाचेतली किल्ली काढली. बाईंनी तळहात पुढे केला. "ती पितळी पिन काढ त्यातनं."

कडी घट्ट होती. नखं वाकवत, दात-ओठ खात त्यांनी पिन सोडवली आणि आईच्या हातावर ठेवली. बाईंनी ती जिवंत किल्लीला अडकवली, निळा दोरा तसाच ठेवला. "आता उतर आणि त्या बाजूला बस. जाताना वर्तमानपत्र घ्यायचंय. मावशी भांडायला थांबलीय."

खेळाच्या सरांना फोन करायचं काम सूनबाईने आपणहून अंगावर घेतलं.

गाडी आवाज न करता गल्लीतून बाहेर पडली. पुलाचा चढ लागला तसं चिरंजीवांनी दाराचं हँडल धरलं. इंजिन आपोआप सुरू झालं. दोघंही कान देऊन ऐकत होते. पंखा गप्प होता. चढ संपला, पूल संपला, आणि हँडलवरची बोटं एकेक करून सैल झाली.

"आई," चिरंजीव म्हणाले, "माझी किल्ली परत चालू करून घेता येईल का?"

"येईल ना. मिस्त्री करून देतात. पण त्यासाठी चालू असलेली एक किल्ली लागते, ती माझ्याकडे आहे."

"मग देशील?"

टेलिफोनबाईंनी आरसा बोटाने पुन्हा आपल्यासाठी नीट केला आणि गाडी टेकडीच्या रस्त्याला वळवली.

"देईन की," त्या म्हणाल्या. "वेळ मिळाला की."